कानात न सांगितलेलं नाव

१

दुपारची जेवणं आटोपली, की सुंदररावांचा क्रम ठरलेला. तुळजाबाईंचं तोंड ओल्या फडक्यानं पुसायचं, त्यांची उशी सारखी करायची, मधल्या खोलीचं दार अर्धं लोटायचं आणि पुढच्या खोलीत कॉम्प्युटरपुढं जाऊन बसायचं. बसण्याआधी स्वयंपाकघरात जाऊन गॅसचं बटण चाचपून यायचं. चाचपून झालं तरी खुर्चीत टेकल्यावर शंका यायचीच. मग पुन्हा उठायचं. सगळा जन्म त्यांनी बीडच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, डॉक्टरेट मिळवली, पोरांना शक्यतांचे नियम समजावून सांगितले. पण आपल्याच हातानं बंद केलेल्या बटणावर त्यांचा कधी विश्वास बसला नाही.

वंशावळीच्या साइटवर खातं उघडून दिलं ते मुलानं, विजयसिंहानं. तो पुण्याला असतो. दिवाळीत आला तेव्हा तुळजाबाईंनी त्याच्याकडं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "तुमी कुणाकडचे, पाव्हणं?"

"तुझ्याकडचाच की, आई," म्हणून तो हसला. मग न्हाणीघरात जाऊन त्यानं बराच वेळ नळ सोडून ठेवला. निघायच्या दिवशी त्यानं बापाला कॉम्प्युटरपुढं बसवलं.

"बाबा, पक्षाघाताचा झटका आल्यापासून आईच्या डोक्यातून एकेक माणूस निघून चाललंय. सगळे जायच्या आत तुम्ही लिहून काढा. स्वतःपासून सुरुवात करायची, मग आईवडील, मग आजोबा, असं एकेक पायरी मागं जायचं. जे माहीत नाही ते रिकामं सोडायचं."

"आणि हे सगळं जगाला दिसणार?"

"मेलेल्यांची नावं दिसतात. जिवंत माणसांची बाहेरच्याला दिसत नाहीत, त्यांच्या चौकटीत नुसतं 'हयात' असं येतं. आणि मरणाची तारीख टाकायला विसरू नका. ती टाकली नाही, तर साइट माणसाला हयातच धरते. नाहीतर आमचे पणजोबा तुमच्यामुळं पुन्हा मतदानाला जायचे."

रिकामं सोडायची मुभा सुंदररावांना आवडली. रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे, हे त्यांनी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून शिकवलं होतं. एखाद्याची माहिती नाही, याचा अर्थ तो माणूस नाही असा होत नाही.

काम चांगलं चाललं. वडील आश्रुबा, गाव चकलांबा. त्यांचे वडील मुंजाजी. निजामाच्या काळातले जमिनीचे उर्दू कागद सरकारनं कॉम्प्युटरवर चढवले होते. त्यातला एक त्यांनी ओळखीच्या वकिलाकडून वाचून घेतला आणि मुंजाजींच्या बापाचं नाव सापडलं, तेव्हा सुंदरराव लहान मुलासारखे मधल्या खोलीत धावले. "अगं, बंकट! आपल्या पणजोबांचं नाव बंकट होतं!" तुळजाबाई छताकडं बघत होत्या. छताला एक लोखंडी कडी होती. विजयसिंहाचा पाळणा तिला टांगलेला असे. त्यानंतर ती नुसतीच होती.

मग एका दुपारी ते स्वतःच्या चौकटीकडं परत आले. खाली मोडक्या मराठीत लिहिलं होतं: अपत्य जोडा. विजयसिंह तिथं होताच. त्याच्या डाव्या बाजूला, म्हणजे थोरल्याच्या जागी, एक अधिकचं चिन्ह लुकलुकत होतं.

दुष्काळाच्या साली ते बीडला नुकतेच नोकरीला लागले होते. तुळजाबाईंच्या माहेरी प्यायला पाणी नव्हतं, म्हणून पहिलं बाळंतपण चकलांब्यालाच केलं. मुलगी झाली, बारशाला या, असा निरोप आला तसे ते एसटीनं निघाले. पिशवीत टोपडं होतं, आणि वाटेत त्यांनी नाव ठरवलं. ते कुणाला सांगायची वेळच आली नाही. पोचले तेव्हा अंगणात माणसं गप्प उभी होती. बारसं व्हायचं होतं. गाठोडं वडिलांच्या हातून त्यांच्या हातात आलं आणि ते एकटेच ओढ्याकडं चालत गेले. बायकांनी तिकडं यायचं नसतं. परत आले, तर बाजेवरून तुळजाबाईंनी एवढंच विचारलं, "कुठं नेलं तिला?" त्यावर काय बोलायचं हे त्यांना तेव्हा सुचलं नाही, आणि नंतरही कधी सुचलं नाही.

त्यांनी चिन्ह दाबलं. मुलगी. जन्मसाल घातलं. नावाची जागा रिकामी ठेवून पुढं जायचा प्रयत्न केला, तर लाल अक्षरं आली: नाव आवश्यक आहे.

बाकी सगळं रिकामं चालत होतं. नाव तेवढं चालत नव्हतं.

त्यांनी टाइप केलं: चंपावती. मग मरणाच्या तारखेच्या जागी बोट नेलं, ते तसंच राहिलं, आणि शेवटी त्यांनी जतन करा म्हटलं. नुसतं नाव तर लिहिलंय, बाकीचं उद्या बघू. विजयसिंहाच्या डाव्या हाताला एक नवी चौकट उमटली. तिच्यात वय आपोआप येऊन बसलं, पन्नाशी उलटलेलं. त्याखाली बारीक हिरव्या अक्षरांत: हयात.

२

सिरसाळ्याची साखराबाई त्यांची पाठची बहीण. आजीच्या माहेरचं नाव विचारायला त्यांनी तिला फोन लावला.

"कोण, दादा? आज कशी काय आठवण झाली? वैनी बरी हाय ना?"

"आहे तशीच आहे. आपल्या आजीचं माहेर कुठलं गं?"

"कावून? जातीचा दाखला काढायलास का तू बी? हितं समदं गाव जुने कागद हुडकत हिंडायलंय. आमच्या जावायानं तर बाजेखालची ट्रंक बी उलथीपालथी केली."

"दाखला नाही. वंशावळ लिहितोय, कॉम्प्युटरवर."

"म्हंजी मेलेल्यांची हजेरी घ्यायलास." ती खळखळून हसली. "मास्तरकी सुटली, पर खोड गेली न्हाई तुझी. घे लिवून. आजीचं माहेर मादळमोही. तिच्या बापाचं नाव आप्पाराव. लई तापट माणूस, बैलाशी बी भांडायचा."

सुंदररावांनी लिहून घेतलं. पलीकडं दार लोटल्याचं ऐकू आलं. मग तिचा आवाज उतरला.

"दादा, त्या पोरीचं लिवलंस का?"

"लिहिलंय."

"काय म्हणून?"

त्यांनी पडद्यावरच्या त्या चौकटीकडं बघितलं.

"नाव लिवलंस तू तिचं? दादा, बारशाच्या आधी गेलेल्या लेकराला नाव ठेवत न्हाईत. आन ठेवायचंच असलं, तर ते आत्यानं कानात सांगायचं असतंय. बापानं परस्पर ठेवायचं नसतंय. मी तवा नवं परकर-पोलकं घालून बसले होते, बारशाला. कुर्र करायचं म्हणून. आईनं येऊन माझ्या डोक्यातला गजरा काढून घेतला."

"साखरे, ती साइट नावाशिवाय पुढं जाऊ देत नव्हती. एवढंच झालं."

"काय ठेवलंस?"

नाव त्यांच्या जिभेवर आलं होतं. मधल्या खोलीत काहीतरी करकरलं, आणि त्यांनी फोन ठेवून दिला. तिचा निरोप घ्यायचं राहून गेलं, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

३

पंखा. पंख्याचाच आवाज असणार, असं त्यांनी ठरवलं. बेअरिंग झिजलं की पंखा असाच करकरतो. एक लांब करकर, मग क्षणभर काही नाही, मग दुसरी तशीच. पंख्याच्या मानानं तो फार सावकाश होता, पण विजेचा दाब कमी असला की पंखाही सावकाशच फिरतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. बाहेर ऊन पांढरं पडलं होतं. कॉम्प्युटर विझला, तशी घराला अशी शांतता आली की देवघरातल्या घड्याळाचा काटाही ऐकू यावा. आणि त्या शांततेत मधल्या खोलीतून करकर आली. लांब, मग क्षणभर काही नाही, मग तशीच.

ते दारात जाऊन उभे राहिले. पंख्याची पाती स्थिर होती. कडी स्थिर होती, निदान ते बघत होते तोवर. तुळजाबाई जाग्या होत्या. कित्येक महिन्यांत त्यांनी कुणाच्या डोळ्यांत डोळे घालून बघितलं नव्हतं. आता सरळ नवऱ्याकडं बघितलं आणि चांगला हात उचलून ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," त्या म्हणाल्या. "आत्ता डोळा लागलाय."

"कुणाचा?"

नवऱ्याला एवढंही कळू नये, याची गंमत वाटल्यासारख्या त्या हसल्या. ते हसू सुंदररावांनी शेवटचं कधी बघितलं होतं, त्यांना आठवेना.

त्या दिवसापासून तुळजाबाई सुधारायला लागल्या. पेज नको, भाकरी कुस्करून द्या म्हणाल्या. सकाळी अंघोळ घालायला येणाऱ्या बाईला, "किती आदळआपट करायलीस गं," म्हणून दटावलं. विजयसिंहाचा फोन आला तेव्हा आवाजावरून ओळखलं आणि विचारलं, "इज्या, जेवलास का रं?" डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, मेंदू नवी वाट काढतो. सुंदररावांनी मान डोलावली. त्यांनाही दुसरं काही मानायचं नव्हतं. आपली बायको परत येते आहे, तर कुठल्या वाटेनं येते हे कशाला बघा?

फक्त एक फणी होती. तुळजाबाईंची, खिडकीत ठेवलेली. दुखण्यात केस सांभाळणं होईना, म्हणून बाईनं ते मानेवर कापून टाकले होते. एका दुपारी सुंदररावांनी फणी उचलली, तर तिच्या दातांत एक केस अडकला होता. त्यांनी तो ओढला. ओढत राहिले. त्यांच्या हातभर लांब होता तो, अर्धा काळा, अर्धा पांढरा.

बाईचा असेल. तिचे केस लांब आहेत. तिचे सगळे काळे आहेत, पण एखादा पिकलेला असू शकतो. अशक्य काहीच नसतं, शक्यता फक्त कमीजास्त असतात. तो केस त्यांनी खिडकीबाहेर सोडला आणि हात धुतले.

ते परत आले, तर तुळजाबाई कुणाशी तरी बोलत होत्या, अगदी खालच्या आवाजात.

"आगं व्हय. व्हय गं चंपावती. सांगते त्यास्नी."

सुंदररावांनी भिंतीला हात लावला. ते नाव त्यांनी एसटीत ठरवलं होतं, मनातल्या मनात, आणि जन्मभर तिथंच ठेवलं होतं. मग त्यांना आठवलं, की टाइप करताना आपण पुटपुटतो. ती जुनी सवय आहे. दार अर्धं उघडं असतं. तिनं ऐकलं असणार, दुसरं काय.

४

त्या आठवड्यात साइटकडून मेल आली: तुमच्या वंशावळीतील एक व्यक्ती दुसऱ्या वंशावळीत आढळली आहे.

असं होतं, हे त्यांनी वाचलं होतं. दूरचे भाऊबंद आपापली झाडं मांडत असतात, दोन झाडांत एकच माणूस निघतो आणि साइट गाठ घालून देते. चकलांब्याचं कुणीतरी असेल, या आशेनं त्यांनी ती उघडली.

त्या झाडाला तीनच चौकटी होत्या. खाली मधोमध: चंपावती, वंशावळ तयार करणारी व्यक्ती. वर उजवीकडं, आई: हयात. वर डावीकडची चौकट रिकामी होती, आणि तिच्यात फिकट अक्षरांत लिहिलं होतं: वडील जोडा.

चंपावती नावाच्या बायका मराठवाड्यात शेकड्यांनी असतील. बीडचंच जुनं नाव ते. सुंदररावांनी स्वतःला हे समजावलं, आणि समजावत असतानाच त्यांची नजर त्या रिकाम्या चौकटीवरून हलेना. कुणी ती चौकट रिकामी का सोडावी? बाप माहीत नाही म्हणून? बापानं नाव सांगितलं नाही म्हणून?

त्यांनी विजयसिंहाला फोन लावला. मुलगी जोडल्याचं त्याला सांगितलं.

"मला थोरली बहीण होती?" विजयसिंह म्हणाला. "मला कधीच नाही बोललात तुम्ही."

"बोलायचं काय त्यात? नाव नव्हतं तिला."

"बाबा, ते झाडबीड मनावर घेऊ नका. कॉम्प्युटर आपोआप काहीही जुळवतो. तारीख टाकली नाही ना तुम्ही? ती टाका. हयात गेलं, की सगळं थांबेल."

तारीख त्यांना पाठ होती. ते खुर्चीत सरसावून बसले, चौकट उघडली आणि एकेक आकडा दाबत दिवस घातला, महिना घातला, साल घातलं. जतन करा म्हटलं. हिरवी अक्षरं गेली.

मधल्या खोलीतली करकर थांबली. ती चालू होती, हे त्यांना ती थांबल्यावर कळलं.

आणि मग तुळजाबाई ओरडल्या. त्या ओरडण्यात म्हातारपण नव्हतं, दुखणं नव्हतं. बाजेवरच्या कोवळ्या बाळंतिणीचा आवाज होता तो, चकलांब्याच्या घरातला.

"कुठं नेलं? कुठं नेलं तिला?"

ते धावले. तुळजाबाई पलंगाच्या कडेशी आल्या होत्या, चांगल्या हातानं रिकामी हवा चाचपत होत्या. सुंदररावांनी त्यांना धरलं, तर तुळजाबाईंनी ढकलून दिलं. "आत्ता हितं होती. तुमी नेलीत. तुमीच नेलीत!" त्यांना शांत करायला सुंदररावांकडं एकही शब्द नव्हता, तेव्हा नव्हता तसाच. ते पुढच्या खोलीत परतले. तारीख पुसली, जतन करा म्हटलं.

हयात.

आतलं रडणं आखडत आलं, हुंदक्यावर आलं, थांबलं. थोड्या वेळानं कडी करकरली.

"आली गं माझी बाय," तुळजाबाई म्हणत होत्या. "आली."

सुंदरराव टेबलावर डोकं टेकून बसले. एक घटना दुसरीच्या मागून घडली, म्हणून पहिलीमुळं दुसरी घडली असं होत नाही. हे वाक्य त्यांनी हजारो पोरांना शिकवलं होतं. त्या दुपारी त्यांनी ते स्वतःला ऐकवलं आणि पुन्हा तारखेच्या चौकटीला हात लावला नाही.

५

पण तुळजाबाई आता झिजायला लागल्या. चेहऱ्यावर तेज होतं आणि अंग मात्र रोज थोडं कमी होत होतं. झोपायच्या नाहीत. एक कूस धरून, हाताचं कडं करून पडून राहायच्या, आणि भाकरीचा घास पुढं केला की म्हणायच्या, "थांबा, तिचं होऊ द्या."

एका सकाळी त्यांनी नवऱ्याचा हात धरला. "साखराला बोलवा. बारसं राह्यलंय तिचं. कवापासून सांगायलीय ती मला, नाव लिवलंय पर कुणी सांगितलं न्हाई म्हणून."

"बोलावतो." त्यांना भीती वाटत होती; कशाची, ते सांगता आलं नसतं. नाव सांगून झालं की पाहुणा थांबतो, की उठून जातो? आणि जाताना एकटा जातो का? तरी त्यांनी बहिणीला फोन केला. तुळजाबाईंनी उभ्या जन्मात त्यांच्याकडं मागून घेतलेलं असं काही त्यांना आठवत नव्हतं.

साखराबाई दुपारच्या एसटीनं आली. ओसरीत चपला काढता काढताच तिचं तोंड सुरू होतं. "कंडक्टर म्हणतोय, आजी, तिकीट अर्धं हाय, जागा बी अर्धी घ्या. मी म्हणले, बाबा, तुझी आई बी..." मधल्या खोलीच्या दारात ती थांबली.

"दादा, ही कुणी बांधली?"

छताच्या कडीला झोळी होती. तुळजाबाईंच्या जुन्या हिरव्या इरकली लुगड्याची, दोन्ही टोकं एकत्र करून वर घट्ट गाठ मारलेली. ते लुगडं ट्रंकेच्या तळाशी असतं. तुळजाबाईंना उठून बसता येत नव्हतं. अंघोळ घालणारी बाई दोन दिवस गावाला गेली होती. सुंदररावांनी स्वतःच्या हातांकडं बघितलं. आपणच स्टुलावर चढलो असू का? गॅसचं बटण बंद केलेलं जसं आठवत नाही, तसं हेही आठवत नसेल का?

"कळत नाही," ते म्हणाले, आणि ते खरं होतं.

"आत काय ठेवलंस?"

"काही नाही."

रिकामी झोळी ओघळल्यासारखी लोंबते. ही लोंबत नव्हती. तिचं पोट खाली भरून आलं होतं आणि कापडाला बारीक सुरकुत्या ताणल्या होत्या.

"आलीस का," तुळजाबाई पलंगावरून म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी खणखणीत होता. "लई येळ केलास गं. घे, नाव सांग तिला."

साखराबाईनं भावाकडं बघितलं. तिच्या तोंडावरची चेष्टा कुठल्या कुठं गेली होती, आणि त्या जागी परकर-पोलक्यातली, डोक्यात गजरा माळून वाट बघत बसलेली पोर होती. तिनं पदर डोक्यावरून घेतला.

"काय नाव, दादा?"

त्यांनी तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. जन्मात पहिल्यांदा ते नाव त्यांनी दुसऱ्याच्या कानात घातलं. साखराबाईनं मान हलवली. झोळीचं कापड तिनं दोन्ही हातांनी अलगद फाकवलं आणि चेहरा आत घातला.

६

"कुर्रर्र," ती म्हणाली. मग तिनं नाव सांगितलं. इतक्या हलक्या आवाजात, की सुंदररावांना फक्त श्वास ऐकू आला.

ती लगेच वर आली नाही. पदर झोळीत, पाठ वाकलेली, तशीच राहिली. सुंदररावांना वाटलं, पुढं व्हावं, आपणही एकदा वाकून बघावं. पाय उचलला नाही. झोळीच्या कडेवर काहीतरी आलं, आतून, आणि कापड मुठीत धरल्यासारखं चिमटलं गेलं. ते त्यांनी बघितलं. मूठ दिसली असं ते शपथेवर सांगू शकले नसते. चिमटलेलं कापड मात्र दिसलं.

साखराबाई सरळ झाली. चेहरा राखेसारखा झाला होता, आणि डोळे भरून वाहत होते. ती भावाशी बोलली, पण बघत होती वहिनीकडं.

"केस पिकलेत रे दादा तिचे," ती म्हणाली. "आपण कुणी विंचरले न्हाईत."

झोळी सैल पडली. एकदम नव्हे; कुणी सावकाश उतरून जावं तशी, आधी एक बाजू, मग दुसरी. लुगडं कडीवरून नुसतं लोंबत राहिलं.

"वैनी," साखराबाई म्हणाली. "वैनी गं."

तुळजाबाई कुशीवर वळल्या होत्या. पलंगाची भिंतीकडली बाजू त्यांनी मोकळी सोडली होती, एका माणसाला पुरेल एवढी, आणि हात त्या मोकळ्या जागेवरून पलीकडं टाकला होता. उशीला दोन डोक्यांचे खळगे होते. सुंदररावांनी नाकापुढं बोट धरलं. ते धरूनच राहिले, गॅसचं बटण चाचपावं तसं, पुन्हा पुन्हा, साखराबाईनं त्यांचा हात धरून बाजूला घेईपर्यंत.

७

चौदावं झालं. पाहुणे पांगले. साखराबाईनं झोळी सोडली, लुगडं धुतलं, घडी घातली आणि सिरसाळ्याला जाताना घेऊन गेली. त्या दुपारी काय दिसलं, हे तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि सुंदररावांनी विचारलं नाही. निघताना ओसरीत ती एवढंच म्हणाली, "तू एकला ऱ्हाऊ नको दादा. इज्याकडं जा."

विजयसिंह दोन दिवसांनी गाडी घेऊन यायचा होता. फोनवर त्यानं सामानाचं विचारलं, गोळ्यांचं विचारलं, आणि शेवटी अडखळत म्हणाला, "बाबा, साइटवर आईची तारीख... मी टाकू का?"

"नको. मी बघतो."

दुपारची जेवणं, म्हणजे त्यांचं एकट्याचं जेवण, आटोपलं. ओला फडका हातात घेऊन ते मधल्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि परत फिरले. कॉम्प्युटर लावला. तुळजाबाईंची चौकट उघडली. तिच्यात हिरवी अक्षरं होती: हयात. त्यांनी मरणाच्या तारखेत दिवस घातला. मग पुसला. रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे. त्यांनी चौकट तशीच मिटली. विजयसिंहाच्या डाव्या हाताला चंपावती होती, हयात. वर तुळजाबाई होत्या, हयात. त्यांच्या घरातलं कुणीच गेलं नव्हतं.

मेल आलेली होती. तुमच्याशी जुळणाऱ्या वंशावळीत बदल झाला आहे.

त्या झाडात अजूनही तीनच चौकटी होत्या. आईच्या चौकटीत आता 'हयात' नव्हतं. तिथं उघड लिहिलं होतं: तुळजाबाई. आणि डावीकडची चौकट, जी इतके दिवस रिकामी होती, ती भरली होती. फिकट अक्षरं गेली होती. ठळक काळ्या अक्षरांत, नीट, पूर्ण नाव होतं: सुंदरराव आश्रुबा. तारीख कुठलीच नव्हती.

मुलगा काय म्हणाला होता, ते त्यांना आठवलं. जिवंत माणसांची नावं बाहेरच्याला दिसत नाहीत.

त्यांनी घाबरायची वाट बघितली. भीती आली नाही. आलं ते वेगळंच काहीतरी, आणि ते इतकं जुनं होतं की त्याला एसटीतल्या धुळीचा वास होता. तिनं बापाची जागा भरली होती. कुणी सांगितलेलं नसताना, ओढ्याकडची ती वाट विसरून, किंवा न विसरता, तिनं त्यांचं नाव तिथं लिहिलं होतं.

मधल्या खोलीत कडी करकरली. लांब, मग क्षणभर काही नाही, मग तशीच. कडीला आता काही बांधलेलं नव्हतं. आत दोघी बोलत होत्या, एकीचा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. दुसरी काहीतरी सांगत होती, आणि पहिली हसत होती.

सुंदरराव उठले. गॅसचं बटण बघायला ते गेले नाहीत. खिडकीतली फणी त्यांनी उचलली, धोतराच्या सोग्यानं पुसली, आणि अर्धं लोटलेलं दार ढकललं. इतक्या वर्षांचा गुंता होता. हळूहळूच सोडवावा लागणार होता, तिला दुखू न देता.